पंख्याची बखर

गोष्ट एप्रिल २०२४ मधली. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली होती. परवा पुण्याच्या भाच्याने फोनवर आठवण करून दिली, "मावशी, त्या पंख्याचं लिहिणार होतीस ना?" म्हणून आज बसलेच.

सोलापूरचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरात छताचा पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. अशा दिवसांत आमचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. आधी तासाभराने, मग अर्ध्या तासाने, शेवटी शेवटी तर दहा मिनिटांत. धूर नाही, वास नाही. लिहिता लिहिता पडदा एकदम काळा.

हा कॉम्प्युटर २००९ सालचा. मी शाळेतून २००८ ला निवृत्त झाले, हे त्याआधीच वीज कंपनीतून झाले होते (आम्ही अजून वीज मंडळच म्हणतो). दोघांनाही हाताला काम नव्हतं. मी इतिहास आणि मराठी शिकवलेली, बी. ए. मराठी माध्यमातून, त्यामुळे मला त्या पेटीची भीतीच वाटायची. ह्यांना मात्र यंत्र म्हटलं की हुरूप यायचा. एका बोटाने टाइप करत ह्यांनी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. खडीची कामं, सुकडीचं वाटप, कोरड्या विहिरी, मुंडासं बांधून रांगेत उभी असलेली माणसं. चाळीस-एक पानं झाली असतील. हे २०१९ साली गेले. ती पानं त्या कॉम्प्युटरमध्येच राहिली. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवावी हे मला सुचलं नाही, आणि आता ते यंत्र दहा मिनिटांच्या वर उभं राहीना.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. चालू केली, बंद पडली, आणि म्हणाला, "आज्जी, मदरबोर्ड गेलाय. हार्ड डिस्कचीही खात्री नाही. पंधरा वर्षांचं मशीन आहे, नवीन घ्या." मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. पण तो गेल्यावर मी बराच वेळ त्या पेटीसमोर बसून राहिले.

रात्री भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मावशी, चालू करताना पडद्यावर काही इंग्रजी ओळ येते का?"

येत होती ना! रोज सकाळी काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ यायची, आणि शेवटी एफ-वन दाबा असं असायचं. मी एफ-वन दाबायची, की सगळं सुरू व्हायचं. तीन महिने मी तुळशीला पाणी घालावं तशी नेमाने एफ-वन दाबत होते.

"पण त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचलंस का?"

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं, सीपीयूच्या पंख्यात दोष आहे.

मंडळी, चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि यंत्र तीन महिने रोज मला त्याचं दुखणं लेखी सांगत होतं, तर मी न वाचता पुढचं पान उलटत होते!

भाच्याने व्हिडिओवर सांगितलं तसं बटण काढलं, वायर भिंतीतून उपसली, आणि पेटीची बाजूची पाटी काढली. आत काय असेल? राखाडी रंगाची गोधडी! पंख्याच्या पात्यांवर, खालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये बोटभर धूळ बसलेली. पाटी काढल्यावर आठवलं. दर दिवाळीला मी घर झाडायला काढलं की हे पेटी उघडून बसायचे. रंगाच्या बारक्या ब्रशने पाती पुसायचे, एका बोटाने पंखा धरून ठेवायचे म्हणजे तो फिरू नये. मी म्हणायची, "इथे माळा झाडायचाय आणि तुम्ही खेळत बसलाय." २०१८ च्या दिवाळीनंतर ती पेटी कोणी उघडलीच नव्हती.

धूळ काढली, पण पंखा काही फिरेना. बोटाने ढकलला तर अर्धा वळसा घेऊन थांबायचा. आतलं वंगण सुकलं होतं. भाचा म्हणाला, "तापकीर गल्लीत त्या मॉडेलचा पंखा मिळतो का बघतो, कुरियरने पाठवतो. तू लाव." मी? चौऱ्याहत्तराव्या वर्षी? "तूच. मी व्हिडिओवर आहे ना."

पंखा यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत भाच्याने पाठवलेलं, नातवाने शोधून दिलेलं असं बरंच मी मोबाईलवर वाचून काढलं. सवय जात नाही. कुठलीही वस्तू समोर आली की ती आली कुठून, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करावी लागते. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचं गणकयंत्र लोकांसमोर आलं. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी बांधलेलं. वजन तीस टनांच्या घरात. त्यात सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आपल्या जुन्या रेडिओत लाल प्रकाश दिसायचा ना, त्याच त्या नळ्या, ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणायचो. प्रत्येक नळीत तापलेली तार, म्हणजे अठरा हजार लहान शेगड्या एका दालनात! यंत्राला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागायची, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडायची. तेव्हा एनिॲकच्या बांधणीतच मोठे वारा देणारे भाते बसवलेले होते. शिवाय आतलं तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की वीज तोडणारी व्यवस्थाही होती. हे वाचून मी थबकले. आमचा कॉम्प्युटर तेच तर करत होता! तो बिघडला नव्हता, स्वतःला वाचवत होता.

(एनिॲक चालू केलं की अख्ख्या फिलाडेल्फियातले दिवे मंदावायचे, अशी गोष्ट सांगतात. ती दंतकथा आहे. इतिहासाच्या बाईंनी एवढं तरी स्पष्ट करायला हवं.)

एनिॲक म्हटलं की मॉकली आणि एकर्ट ही नावं येतात. त्यावर गणितं बसवणाऱ्या सहा तरुणींची नावं लोकांना कळायला पुढे चाळीस वर्षं लागली. आणि ते भाते कोणी आखले, कोणी बसवले, हे तर मला अजूनही कुठे सापडलं नाही.

आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली एक संपूर्ण गणकयंत्र बांधलं गेलं आणि १९६० साली ते चालू झालं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. त्यात सत्तावीसशे नळ्या होत्या. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची, पाटीवर पाढे लिहीत होते. सोलापूरपासून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर असं यंत्र धडधडतंय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. तो १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला होता. त्यात तापणारी तार नाही, म्हणून उष्णता कितीतरी कमी. मग १९५८-५९ मध्ये अनेक ट्रान्झिस्टर एकाच चकतीवर कोरायची युक्ती निघाली. वाटलं असेल, सुटलो एकदाचे त्या शेगड्यांतून. पण एका माणसाला शंका आली. गॉर्डन मूर. दरवर्षी एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दुप्पट होत जाईल, असं भाकीत त्यांनी एप्रिल १९६५ मध्ये एका लेखात केलं. पुढे तेच मूरचा नियम म्हणून गाजलं (दुप्पट व्हायचा काळ त्यांनी १९७५ साली दोन वर्षं केला). त्याच लेखात त्यांनी उष्णतेचा प्रश्नही स्वतःच विचारला होता. हजारो घटक एका कपच्यावर दाटीवाटीने बसवले तर त्यांची उष्णता बाहेर काढता येईल का? त्यांचं उत्तर आशावादी होतं. घटक लहान होतील तशी त्यांना वीजही कमी लागेल, असं साधारण म्हणणं. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी तेच नीट नियमात बसवून दिलं. आकार जितका घटवाल त्या प्रमाणात विजेचा दाब घटवा, म्हणजे तेवढ्याच जागेत उष्णता तेवढीच राहील.

हा हिशोब तीस वर्षं चालला. मी बी. ए. झाले त्या १९७१ साली इंटेलने ४००४ नावाची चिप काढली. तेवीसशे ट्रान्झिस्टर, नखाएवढी, पंख्याची गरजच नाही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हाही त्याच्या प्रोसेसरवर काही नव्हतं, उघडाच बसलेला. पेटीतला एकुलता पंखा वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी होता.

त्या काळात पंख्याविषयी एक तिरस्कारही होता. ॲपल कंपनीने १९८० साली ॲपल थ्री काढला. स्टीव्ह जॉब्जचा आग्रह की पंखा नको, आवाज नको. यंत्रं तापायची, आतल्या चिपा आपल्या खोबणीतून हलायच्या. तेव्हा कंपनीनेच गिऱ्हाइकांना सल्ला दिला, की यंत्र थोडं वर उचला आणि टेबलावर आपटा, चिपा जागेवर बसतील! (दोष उष्णतेचा की आतल्या जोडणीचा, यावर त्या मंडळींत पुढे वाद झाला.) आमच्याकडे जुना रेडिओ थोपटून चालू करायचे, त्यातलाच प्रकार.

तिकडे मोठ्या यंत्रांचं निराळंच चाललं होतं. सीमूर क्रे यांचं १९७६ चं क्रे-वन हे महासंगणक फ्रीऑनने, म्हणजे फ्रिजमधल्या वायूने थंड ठेवलेलं. भोवती बसायला गादीचं बाकडं, आणि त्या बाकड्याच्या खाली विजेचं सामान. १९८५ च्या क्रे-टूमध्ये तर सर्किटच्या पाट्याच एका द्रवात बुडवून ठेवल्या होत्या. त्या द्रवातून वीज वाहत नाही, त्यामुळे चालतं. हे वाचलं आणि ह्यांची फार आठवण झाली. सबस्टेशनचा मोठा ट्रान्सफॉर्मर असाच तेलात बुडलेला असतो, बाहेरून नळ्यांच्या फासळ्या, आणि काहींना उन्हाळ्यात बाजूने पंखेही. मे महिन्यात हे रात्री-अपरात्री उठून सबस्टेशनवर जायचे. म्हणायचे, ट्रान्सफॉर्मर कामाने मरत नाही गं, तापाने मरतो.

आता मूळ गोष्टीवर येते. घरगुती प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा केव्हा आला? १९८९ च्या ४८६ ने सुरुवात झाली. त्याच्या पुढच्या, जास्त वेगाच्या चिपांवर धातूच्या फासळ्यांचा ठोकळा बसायला लागला. त्याला हीटसिंक म्हणतात. १९९३ साली पेंटियम आला. एकतीस लाख ट्रान्झिस्टर, आणि पंधरा-सोळा वॅटपर्यंत उष्णता. तिथून पंखा ही चैन न राहता गरज झाली.

आणि मग सुरू झाली शर्यत. ज्यांच्या घरी २००० च्या आसपास कॉम्प्युटर आला त्यांना त्या जाहिराती आठवत असतील. इतके मेगाहर्ट्झ, तितके गिगाहर्ट्झ. वेग हेच मोठेपण. पण डेनार्डचा हिशोब आता बिघडत चालला होता. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली, नळ पूर्ण बंद करूनही थेंब थेंब गळावा तशी. विजेचा दाब आणखी कमी करता येईना. वेग वाढवला की उष्णता वाढलीच. २००१ सालच्या एका परिषदेत इंटेलच्याच पॅट गेलसिंगर यांनी इशारा दिला. असंच चालू राहिलं तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरची उष्णता आधी अणुभट्टीएवढी, मग रॉकेटच्या तोंडाएवढी आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाएवढी होईल. त्याच वर्षी एका संगणकविषयक संकेतस्थळाने चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक उपटून बघितला. एक प्रोसेसर आपला वेग कमी करून तग धरून राहिला, आणि दुसरा, वेगाबद्दल नावाजलेला, क्षणार्धात जळून गेला. ती चित्रफीत तेव्हा जगभर फिरली म्हणे.

२००४ साली इंटेलचा जो नवा पेंटियम फोर आला तो शंभर वॅटच्या वर गेला. चिप केवढी? एक चौरस सेंटिमीटरपेक्षा जेमतेम मोठी. मी वहीवर गणित मांडून बघितलं. आपली इस्त्री हजार वॅटची धरली तरी तिचा तळ पसरट, दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट येतात. त्या चिपचे येतात नव्वदच्या आसपास. म्हणजे इस्त्रीच्या पंधरापट, आणि तिनं जळायचं नाही, गणितं करायची! त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने पुढची नियोजित चिप रद्द केली. ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा बेतही सोडून दिला.

शर्यत थांबली ती इथे. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, वारा कमी पडला म्हणून. मला हे फार विलक्षण वाटलं. वेग किती असावा हे प्रोसेसर ठरवत नव्हता, त्याच्या डोक्यावरचा पंखा ठरवत होता.

मग मार्ग काय काढला? एकाच मेंदूला अधिक पळवण्याऐवजी, बेताने चालणारे दोन मेंदू शेजारी शेजारी ठेवले आणि काम वाटून दिलं. २००६ च्या जुलैत आलेला कोअर टू ड्युओ तसाच, पासष्ट वॅटचा. आमच्या पेटीत त्याच वंशातला आहे. एकाने भरभर पळून धापा टाकण्यापेक्षा दोघांनी ओझं वाटून घ्यावं. घरोघरी हे कळतं, कारखान्यात कळायला २००४ साल उजाडावं लागलं.

कुरियर चौथ्या दिवशी दुपारी आलं. मी संध्याकाळची उन्हं उतरेपर्यंत थांबले. मग जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, पेटी आडवी ठेवली, मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आधी पेटीच्या पत्र्याला हात लाव मावशी, अंगातली स्थिर वीज उतरू दे." लावला.

जुन्या पंख्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या होत्या, वर बाण कोरलेले. बाण सोडवायची दिशा दाखवतो. चारही वळवून वर ओढल्या, आणि ठोकळा सरळ न उपटता थोडा डावी-उजवीकडे हलवून सोडवला, कारण खालची पेस्ट सुकून चिकटली होती. खाली प्रोसेसर दिसला. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो एवढासा, चांदीच्या नाण्यासारखा चौकोन. पंधरा वर्षं तो आमच्या घरात होता, आणि मी त्याचं तोंड पहिल्यांदा पाहत होते.

जुनी पेस्ट मऊ कापडाला स्पिरिट लावून पुसून काढली. ही पेस्ट कशाला, असं मला आधी वाटायचं. धातूवर धातू ठेवला की झालं ना! पण कितीही गुळगुळीत दिसले तरी दोन पृष्ठभागांत बारीक खड्डे राहतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेच्या बाबतीत फार वाईट हमाल. ॲल्युमिनियम हवेच्या काही हजारपट चांगली उष्णता वाहून नेतं. तेव्हा ते खड्डे भरून हवा हाकलायची, एवढंच पेस्टचं काम. म्हणून ती थोडीच लावायची, मुगाच्या दाण्याएवढी, मधोमध. माझा हात सैल, दाणा वाटाण्याएवढा झाला. भाचा ओरडला. अर्धा पुसून काढला.

नवा ठोकळा अलगद ठेवला. आता खुंट्या दाबायच्या, पण ओळीने नाही. एक ही, मग तिच्या समोरासमोरच्या कोपऱ्यातली, म्हणजे दाब एका बाजूला पडत नाही. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीला माझं बळ पुरेना. बोर्ड वाकतोय असं दिसायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ह्यांची चाळीस पानं त्या पेटीत. भाच्याला म्हटलं, "राहू दे, मोडेल." तो म्हणाला, "मावशी, तेवढं वाकतंच. अंगठा ठेव आणि वरून वजन दे." उभी राहिले, अंगठ्यावर वजन टाकलं, आणि टक् असा आवाज आला. इतका गोड आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. चौथी आपोआप बसल्यासारखी बसली.

शेवटी पंख्याची चार तारांची पिन बोर्डाला जोडली. काळी आणि पिवळी वीज देणारी. हिरवीतून पंखा आपण किती वेगाने फिरतोय ते बोर्डाला कळवतो, आणि निळीतून बोर्ड त्याला सांगतो, आता जोरात, आता सावकाश. त्या हिरव्या तारेतून खबर आली नाही म्हणूनच तर ती पांढरी ओळ तीन महिने पडद्यावर येत होती.

बटण दाबलं. पंखा आधी जोरात घोंघावला, मग शांत झाला. पांढरी ओळ आली नाही. एफ-वनकडे गेलेलं बोट तसंच हवेत राहिलं.

भाच्याने तापमान दाखवणारं पान उघडायला लावलं. चौपन्न अंश. मी जरा हिरमुसले, एवढं का? तर म्हणाला, "मावशी, तुझ्या खोलीतच अडतीस आहे! पंखा गारवा तयार करत नाही, तो फक्त आतली ऊब उचलून बाहेर नेतो. खोलीपेक्षा थंड तो कसा करेल?" खरंच की. त्या रात्री तीन तास कॉम्प्युटर चालू ठेवला, आणि ह्यांची चाळीस पानं आधी पेनड्राइव्हवर उतरवली, मग भाच्याला पाठवली, मग मुलाला. आता ती चार ठिकाणी आहेत.

त्या वाचनात एक नाव सापडलं होतं, ते सांगून संपवते. रोल्फ लँडाउअर. आयबीएममधले शास्त्रज्ञ. १९६१ साली त्यांनी असं मांडलं, की गणित करायला उष्णता अटळ नाही, पुसायला आहे. माहितीचा एक कण कायमचा पुसला की अगदी थोडी का होईना, उष्णता बाहेर पडणारच. ही निसर्गाची किमान किंमत, तीत सूट नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये प्रयोग करून ते पडताळूनही पाहिलं. आपल्या यंत्रांतली उष्णता त्याहून कितीतरी पट जास्त असते हे खरं, पण तळाचा नियम तोच. मला हे पटायला प्रयोगाची गरज नव्हती. फळ्यावर लिहिताना फारशी धूळ उडत नाही, डस्टरने पुसताना उडते.

आता म्हणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपा आल्या आहेत. २०२२ साली आलेली एक चिप एकटी सातशे वॅटपर्यंत जाते. नुसत्या वाऱ्याने भागेना, म्हणून पुन्हा पाण्याच्या आणि द्रवाच्या नळ्या. म्हणजे क्रे साहेबांच्या दारात आपण परत आलो. नवी मुंबईत महापे-ऐरोलीकडे जी डेटा सेंटरं आहेत, त्यांत अशीच रात्रंदिवस उष्णता उपसणं चालतं. नातू मोबाईलवर त्या बुद्धिमत्तेला काहीबाही विचारतो, तेव्हा मी म्हणते, अरे, कुठेतरी एक पंखा जोरात फिरला बघ.

गेल्या दिवाळीला मी माळा झाडायच्या आधी पेटी उघडली. ह्यांचा तो ब्रश टेबलाच्या खणात होता, दांड्याला दोरा बांधलेला, हँडल गळू नये म्हणून. एका बोटाने पंखा धरला आणि पाती पुसली. वीस मिनिटांचं काम.

असो. तुमच्या घरच्या पेट्या केव्हा उघडल्या होत्या ते बघा. आणि पडद्यावर काही ओळ येत असेल तर, बाईंचं ऐका, एकदा नीट वाचा.